वॉल्टरच्या पहिल्या दोन ओळी

मी अकरा वर्षं कोथरूडमध्ये बसून कॅनडातल्या लोकांची तोंडं बंद केली. हे माझं म्हणणं नाही, त्यांचं आहे, आणि ते मला रोज लेखी कळवत असत. माझ्या मते मी एका परक्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर, बातम्यांखाली जो वाचकांचा कट्टा असतो, तो झाडत होते. झाडणाऱ्याला बोलणी बसतातच. मला ती इंग्रजीत बसली, एवढंच.

संपादकांनी लेख मागताना सांगितलं, "आयटीतले अनुभव लिहा, लोकांना कुतूहल असतं." मी म्हटलं, अहो, मी आयटीत होते असं म्हणणं म्हणजे पंगतीत वाढणाऱ्याने मी लग्नात होतो म्हणण्यासारखं आहे. होते, पण लग्न माझं नव्हतं. त्यांचा आग्रह सुटेना म्हणून लिहिते. नावं बदलली आहेत. गुप्ततेच्या कागदावर मी सही केली होती, पण ज्या कंपनीसाठी केली ती आता उरलेली नाही आणि आमचं काम आता मशीन करतं.

लग्न उगाच आठवलं नाही. आमचं ऑफिस कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. मुहूर्ताच्या दिवसांत खाली मंगलाष्टकं चालायची आणि वर आम्ही चौदा जण शिव्या निवडत बसायचो. एखादा पाहुणा वाट चुकून वर आला की प्रसाद त्याला "वधूपक्ष खाली" म्हणून परत पाठवायचा. प्रसाद आमचा टीम लीड. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि माझा साहेब. आयटीने पुण्यात जे काही उलटंपालटं केलं, त्यात हेही एक.

पाळी सकाळी सहा ते दोन. त्या वेळी तिकडे संध्याकाळ असते. माणूस जेवून उठला की त्याला देशाची काळजी वाटू लागते, हे मी अकरा वर्षं पाहिलं. पुण्यातही काही वेगळं होत नाही.

काम सांगायला सोपं आहे. वाचकाने लिहिलेली प्रतिक्रिया आमच्या रांगेत यायची. समोर दोन बटणं, ठेव आणि काढ. शिवी, धमकी, कोणाच्या रंगावरून किंवा धर्मावरून ओकलेलं विष, कोणाच्या घरचा पत्ता, यातलं काही दिसलं की काढ. एका प्रतिक्रियेला चाळीस सेकंद. त्यामुळे पहिल्याच दिवशी शिकवलं जायचं की नियम मोडणारी ओळ दिसली की तिथेच थांबा, काढा, पुढची घ्या. शितावरून भाताची परीक्षा, हे आमच्या धंद्याचं ब्रीद होतं. खरंच शंका असेल तर प्रतिक्रिया दोन दिवस बाजूला ठेवता यायची, पण तसं फार केलं की प्रसाद खुर्ची ओढून शेजारी येऊन बसायचा.

दुसरा नियम असा की वाचकाच्या मजकुरात हात घालायचा नाही. एक शब्दही गाळायचा नाही. सगळं ठेवायचं किंवा सगळं काढायचं. वाक्य आपण बदललं की ते वाक्य आपलं होतं आणि जबाबदारीही आपली, असं त्यांचे वकील म्हणत. वकिलांचं बरोबर होतं. पण या दोन नियमांनी मिळून एका माणसाचं काय केलं, तेच मला सांगायचं आहे, आणि त्यात माझाच हात होता.

बटणांशिवाय माझ्याकडे तक्रारपेटीही होती, कारण मी कायदा शिकलेली. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातला देव्हारा रिकामा झाला, आणि पुढे त्या कोनाड्यात वडिलांनी मराठीतली राज्यघटना आणून ठेवली. रविवारी दाढी झाली की ते मला त्यातलं एखादं कलम मोठ्याने वाचायला लावत. अडखळले की म्हणत, "सुनंदा, नीट वाच. शेवटपर्यंत वाच. हे आपल्याला फुकट मिळालेलं नाही." पुढे उदारीकरणाच्या लाटेत कारखान्याने त्यांना वेळेआधीच घरी बसवलं. मी तोवर वकील होऊन शिवाजीनगर कोर्टात एका मोठ्या वकीलसाहेबांच्या फायली उचलत होते. सहा वर्षं उचलल्या. मग एक जाहिरात वाचली, "इंग्रजी उत्तम, कायद्याची पदवी असल्यास प्राधान्य", आणि काळा कोट कपाटात गेला तो गेलाच.

तक्रारींना उत्तर द्यायला अकरा तयार मजकूर होते. आम्ही त्यांना साचे म्हणायचो. चौथा साचा माझा स्वतःचा, आणि मला त्याचा भलताच अभिमान होता. कारण निम्म्याहून जास्त तक्रारींत एकच वाक्य असायचं, "तुम्ही माझा फर्स्ट अमेंडमेंटचा हक्क मारलात." आता बघा, ही पहिली घटनादुरुस्ती आहे अमेरिकेची. अमेरिकन मालिका आणि अमेरिकन भाषणं ऐकून ऐकून कॅनडातल्या माणसाला ती आपलीच वाटू लागते. शेजाऱ्याचा फ्रिज उघडून आपलं दूध शोधावं, तसा प्रकार. कॅनडाची पहिली दुरुस्ती शोधायला गेलात तर एक नवा प्रांत केल्याचा कागद हाती येतो. आणि आपल्या भारताची पहिली दुरुस्ती तर बोलण्यावरच्या मर्यादा वाढवणारी.

कॅनडाच्या माणसाला बोलण्याचा हक्क नाही असं नाही. त्यांच्या हक्कांच्या सनदेत दुसऱ्याच कलमात तो आहे. पण त्याच्याआधी, पहिल्या कलमात, वाजवी मर्यादा असू शकतात हेही लिहिलेलं आहे. आणि मुख्य म्हणजे हा हक्क सरकारविरुद्धचा. सरकारने तुमचं तोंड बंद करू नये. एखाद्या वर्तमानपत्राने तुमचं पत्र लावलंच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. एवढं सगळं मी साचा चारमध्ये सहा वाक्यांत बसवलं होतं. खाली सही "सुझान, वाचक विभाग". सुनंदाची सुझान झाले आणि मी कोथरूडमध्ये बसते हे कोणाला सांगायचं नव्हतं.

त्या सुमाराला तिकडे एक पुढारी वर आला होता. चौकड्यांचा शर्ट, ट्रकच्या पायरीवर उभं राहून भाषण. शहरातली शिकलेली माणसं तुमचा आवाज दाबतात, वर्तमानपत्रं दाबतात, असं तो सांगत फिरायचा. त्याचं भाषण झालं की दुसऱ्या सकाळी माझी पेटी ओसंडायची. त्याच्या स्वतःच्या पानावर विरोधात कोणी लिहिलं तर ते तासाभरात गायब व्हायचं, ती गोष्ट वेगळी. मार्गारेट नावाच्या एक बाई तर एका दमात दोन तक्रारी पाठवत. पहिलीत, त्यांची प्रतिक्रिया काढली म्हणून आम्ही हुकूमशहा. दुसरीत, त्यांच्या नेत्यावरचं व्यंगचित्र अजून काढलं नाही म्हणून आम्ही नालायक. मी दोन्हींना साचा चार पाठवायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही माणूस तरी आहात का?" मी साचा एक पाठवला, "आपल्या प्रश्नाबद्दल आम्ही आभारी आहोत."

वॉल्टर त्याच लाटेतून आला. सत्तरीचा, गव्हाच्या मुलखातल्या एका खेड्यातला. त्या खेड्यातल्या छोट्या इस्पितळात तातडीच्या उपचारांचा एक विभाग होता आणि तो कायमचा बंद करायचा बेत चालला होता. त्या विषयावर बातमी आली की वॉल्टरची प्रतिक्रिया आलीच. लांबलचक, एकही परिच्छेद न पाडता. आणि सुरुवात कायम त्याच दोन ओळींनी. आरोग्यमंत्र्याला ट्रॅक्टरच्या मागे बांधून फरफटत न्यायला हवं, ही पहिली. बाहेरून आलेल्या सगळ्यांना आले तिकडे परत पाठवायला हवं, ही दुसरी. पहिली ओळ धमकी, दुसरी विष. चाळीस सेकंद कशाला, मला चारसुद्धा लागायचे नाहीत.

काढली की तासाभरात त्याची तक्रार. टोरंटोत कॉफी पीत बसलेल्या एखाद्या पोराने माझं तोंड दाबलं आहे, माझा फर्स्ट अमेंडमेंटचा हक्क मारला आहे. मी साचा चार पाठवायचे. असं सहा वेळा झालं. सहाव्या वेळी मला राहवलं नाही आणि मी साच्याखाली स्वतःचं एक वाक्य जोडलं, "आपल्याच देशाची सनद एकदा वाचून पाहावी ही विनंती." पाठवून मी खूश होऊन चहाला उठले. पुण्यात राहिल्याचे काही तोटेही असतात.

आता मला तुम्हाला कॅनडातून थोडा वेळ आमच्या सोसायटीत आणावं लागेल. सोसायटीही कोथरूडचीच, सात मजली. आमच्याकडे स्वयंपाकाला लताबाई येत. आम्ही सहाव्या मजल्यावर. लताबाईंचे गुडघे गेलेले, आणि कमिटीने लिफ्टशेजारी पाटी लावली, "घरकाम करणाऱ्यांनी जिना वापरावा." लताबाई वर येऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जरा थांबते ताई, मग कणीक मळते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणी कुठून चढायचं, कोणी कशाला शिवायचं, असली बंधनं आमच्या मागच्या पिढ्यांनी पुरेशी पाहिली होती. मी एक अख्खं पान लिहिलं. लताबाईंचे गुडघे, लिफ्ट कशासाठी असते, हा विषय वार्षिक सभेत घ्यावा ही मागणी, सगळं मुद्देसूद. फक्त सुरुवातीला एक ओळ टाकली, "ज्यांना स्वतःचा कपभर चहासुद्धा करता येत नाही, अशा आमच्या सेक्रेटरींच्या माहितीसाठी." ती ओळ लिहिताना मला फार बरं वाटलं. रविवारी सकाळी कागद सूचनाफलकाच्या काचेवर चिकटवला, संध्याकाळी तो तिथे नव्हता.

सेक्रेटरी साठेकाका. तळमजल्यावर राहायचे, बँकेतून निवृत्त, बोलणं मोजकं, तेही टोचणारं. सोमवारी ऑफिसातून आल्या आल्या मी त्यांची बेल वाजवली.

"माझा कागद तुम्ही काढलात?"

"काढला."

"कोणत्या अधिकारात? राज्यघटनेचं एकोणिसावं कलम वाचलंय का कधी? मला बोलायचं स्वातंत्र्य आहे."

साठेकाकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "वाचलंय. ते सरकारला लागू होतं, बाई. फलक सोसायटीचा आहे. तुम्ही कायदा शिकलात असं ऐकून होतो मी."

माझाच साचा चार, तोही शुद्ध मराठीत, माझ्याच तोंडावर. पण हार कशी मानायची? म्हटलं, "निदान शेवटपर्यंत वाचायचं तरी होतं."

"पहिली ओळ वाचली. तेवढी पुरली." दार लावता लावता ते थांबले. "आणि चहा मी नऊ वर्षं स्वतःच करतो. ही गेल्यापासून."

दार हळूच लागलं. ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी जिन्याने सहा मजले चढून वर गेले. लिफ्ट बोलवायचं सुचलंच नाही, आणि चढताना माझी मलाच लाज वाटत होती.

मंगळवारी सकाळी रांगेत वॉल्टरची सातवी प्रतिक्रिया होती. त्याच दोन ओळी. बोट सवयीने 'काढ'वर गेलं आणि साठेकाकांचं "तेवढी पुरली" कानात आलं. मी बोट मागे घेतलं आणि पहिल्या दिवसापासून शिकवलेलं सगळं विसरून तिसरी ओळ वाचली. मग चौथी. शेवटपर्यंत वाचली.

इथून पुढे मी वॉल्टरना अहो-जाहो करणार आहे, कारण त्या सकाळपासून मी तसंच करते.

त्यांच्या बायकोचं नाव डोरथी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिच्या छातीत दुखू लागलं. गावातलं इस्पितळ पाच मिनिटांवर. वॉल्टर तिला गाडीत घालून तिथे गेले तर दारावर कागद चिकटवलेला, डॉक्टर उपलब्ध नसल्याने शनिवार-रविवार तातडीचा विभाग बंद. पुढचं इस्पितळ ऐंशी किलोमीटरवर. रस्त्यावर बर्फ. डोरथी पहिला अर्धा रस्ता बोलत होती. गोठ्यातला दिवा चालू राहिलाय, असं दोनदा म्हणाली. ज्या धान्याच्या कोठारात वॉल्टरनी तीस वर्षं काम केलं, ते मागे पडेपर्यंत तिचा हात त्यांच्या हातात होता आणि नंतरही होता, पण त्यांना कळलं होतं. तरी ते इस्पितळापर्यंत गाडी चालवत राहिले, कारण थांबून करायचं काय, ते त्यांना माहीत नव्हतं.

हे सगळं त्यांनी सात वेळा लिहून पाठवलं होतं. सहा वेळा मी ते न वाचता काढलं होतं, आणि वर त्यांना सनद वाचायला सांगितलं होतं. खाली नवरदेवाची वरात येत होती आणि मला तो बँडसुद्धा सहन होईना.

वेळही फार नव्हता. त्या भागाचं आरोग्य मंडळ गुरुवारी सकाळी बैठक घेऊन निर्णय करणार होतं, आणि बातमीखाली जमलेल्या प्रतिक्रिया छापून मंडळापुढे ठेवू असं वर्तमानपत्राने जाहीर केलं होतं. म्हणजे त्यांच्या बुधवारी रात्रीपर्यंत, आमच्या गुरुवारच्या पाळीत, जी प्रतिक्रिया पानावर असेल तीच मंडळ वाचणार. मी सातवी प्रतिक्रिया बाजूला ठेवली आणि प्रसादला बोलावलं.

त्याने वाचलं. मग म्हणाला, "मॅडम, हे फार हेवी आहे. पण फर्स्ट लाइन थ्रेट आहे. आपण काय करणार?"

"पहिल्या दोन ओळी वगळून लावू द्या, असं त्यांच्या संपादकांना विचार."

"नाही म्हणतील."

"म्हणू देत. विचार तर."

बुधवारी सकाळी उत्तर आलं. सगळी किंवा काहीच नाही. धोरण स्पष्ट आहे. मला राग आला नाही, कारण धोरण मलाही पटत होतं. ओळी वॉल्टरच्या होत्या. काढायच्या तर त्यांनीच काढायला हव्यात. आणि हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

साच्याबाहेर वाचकाशी पत्रव्यवहार करणं म्हणजे थेट नोकरीवर गदा. प्रसादने मला ते दोनदा सांगितलं. "मॅडम, प्लीज. माझं पण नाव येईल." मी म्हटलं, "तू आता चहाला जा. तू काही पाहिलं नाहीस." तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन म्हणाला, "लिहिताना शॉर्ट लिहा. त्यांना लाँग मेल आवडणार नाही." मग गेला.

मी लिहिलं, तुमच्या पहिल्या दोन ओळी तुम्ही स्वतः काढल्यात तर बाकीचं सगळं लागेल, गुरुवारी मंडळ ते वाचेल, आणि त्यातल्या एका शब्दालाही कोणी हात लावणार नाही.

अर्ध्या तासात उत्तर आलं. "सेन्सॉरवर मी विश्वास का ठेवावा?"

रास्त प्रश्न होता. साच्यात याचं उत्तर नव्हतं. शेवटी जे खरं होतं तेच लिहिलं. "कारण सहाही वेळा तुमची प्रतिक्रिया काढणारी मीच होते. त्या दोन ओळींपुढे मी कधी वाचलं नव्हतं. काल वाचलं. डोरथीबद्दल मला फार वाईट वाटतं. तुम्हाला सनद वाचायला सांगणारी ती ओळ मी लिहायला नको होती. मी टोरंटोतलं पोर नाही. मीही बाहेरचीच आहे, तुमच्या दुसऱ्या ओळीतली. तरी मला तुमचं म्हणणं मंडळापुढे जायला हवं आहे."

दोन वाजेपर्यंत काही आलं नाही. पाळी संपली. गुरुवारी सकाळी सहाला मी परत येणार, आणि त्यानंतर फार तर काही तास.

घरी जाताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कॅनडातल्या एका म्हाताऱ्या माणसाला आपण सांगितलं, तुमच्या ओळी काढा. आपली ओळ कोण काढणार? घरी पोचल्यावर तो लिफ्टचा कागद पुन्हा लिहिला, चहाची ओळ सोडून. ती सोडताना जीवावर आलं हेही खरं. ओळ चांगली जमली होती. मग साठेकाकांची बेल वाजवली.

"काका, मी चुकले. चहाचं मला माहीत नव्हतं."

त्यांनी कागद घेतला आणि दारातच उभं राहून वाचू लागले. मी थांबले. ते सावकाश वाचत होते, ओळीखालून बोट फिरवत, बँकेतल्या माणसासारखं. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर म्हणाले, "गुडघ्यांचं पहिल्यांदाच लिहायचं ना." आणि खिशातून फलकाची किल्ली काढली.

पुढचं आधीच सांगून टाकते. लिफ्टचा विषय सभेत आला, चांगली तासभर भांडणं झाली आणि पाटी निघाली. लताबाई आता लिफ्टने येतात आणि तरीही उशिराच येतात. मला कंपनीकडून लेखी ताकीद मिळाली. ती मी जपून ठेवली आहे, घटनेच्या प्रतीत, एकोणिसाव्या कलमाच्या पानात. प्रसादचं नाव कुठे आलं नाही. मंडळाने इस्पितळाचा तो विभाग बंद करण्याचा निर्णय पुढे ढकलला. वॉल्टरमुळे ढकलला असं मी म्हणणार नाही, प्रतिक्रिया पुष्कळ होत्या. नंतर काही वर्षांनी त्या वर्तमानपत्राने वाचकांचा कट्टाच बंद केला आणि आमचे चौदा जण चौदा दिशांना गेले. माणसं चुकीचा हक्क सांगत येतात, म्हणून त्यांचं गाऱ्हाणंही चुकीचं असं मी किती वर्षं धरून चालले होते, याचा हिशेब मी करत नाही. सहा वेळांचा करते, तेवढाच पुरतो.

तर गुरुवारची सकाळ. मी सहाच्या आधीच पोचले. खाली कार्यालयात रांगोळी काढणं चालू होतं. रांग उघडली. वॉल्टरची जुनी प्रतिक्रिया त्यांनी स्वतःच मागे घेतली होती. आठवी आली होती.

पहिली ओळ होती, "माझ्या बायकोचं नाव डोरथी." मी पुढे वाचत गेले. दाराला चिकटवलेला कागद होता, बर्फ होता, गोठ्यातला दिवा होता, कोठार होतं. बाहेरच्यांना परत पाठवायची ओळ कुठेच नव्हती. मला सुटल्यासारखं वाटलं आणि तेवढ्यात, अगदी खाली, ट्रॅक्टर आला. प्रसाद मागे येऊन उभा होता. सगळी किंवा काहीच नाही. मी एकेक शब्द वाचला.

"मंत्र्यांना ट्रॅक्टरला बांधायचं असं मी म्हणत होतो. ते मी परत घेतो. मंत्र्यांनी फेब्रुवारीत आमच्याकडे यावं. मी त्यांना माझ्या गाडीत डोरथीच्या जागेवर बसवीन आणि त्याच रस्त्याने ऐंशी किलोमीटर नेईन. वाटेत मी काही बोलणार नाही."

त्याखाली आणखी एकच ओळ होती. "हे सांगण्याचा हक्क मला फर्स्ट अमेंडमेंटने दिला आहे."

चूक होतं. शंभर टक्के चूक होतं.

मी 'ठेव' दाबलं.